माजलेल्या कुंपणाची कहाणी

ऐका उगवतीआई, तुमची कहाणी.

आटपाट नगरात एक आळी होती. आळीत एक अंगण होतं. अंगणाच्या दोन अंगांना दोन जावा राहत होत्या. एकदा पाटा कोणी धुवायचा यावरून भांडण झालं. थोरलीनं अंगणात मधोमध मेंदीचं कुंपण लावलं. मग थोरली आपली बाजू छाटी, धाकटी आपली बाजू छाटी. मधलं कोणाचंच नव्हतं. जे कोणाचंच नसतं, ते फार माजतं. कुंपण रुंदावलं, उंचावलं, कौलांना लागलं. थोरलीच्या घरात हिरवा उजेड पडू लागला. त्या उजेडात माणसं तळ्याच्या तळाशी हिंडावीत तशी हिंडत, हळू बोलत, भरदुपारी स्वप्नं पाहत. भांडण तेवढं जागं होतं.

मग थोरलीच्या सुनेला मुलगा झाला. मूल पिवळं पडलं. सुईण म्हणाली, "सकाळचं कोवळं ऊन दाखवा, नाहीतर हाती लागायचं नाही." सून म्हणाली, "सासूबाई, ऊन कुठून आणू? उगवती कुंपणानं खाल्ली." मूल आळीत न्यावं, तर सव्वा महिना अंगणाबाहेर न्यायचं नाही अशी घरची रीत. रीत थोरलीनंच घातलेली.

मग थोरलीनं कोयता घेतला, धाकटीच्या नावानं बोटं मोडली, कुंपण तोडलं. सकाळी पाहते, तर हातभर वाढलेलं. मग कढत पाणी ओतलं, शिव्या दिल्या. दोन हात वाढलं. मग मुळाशी जाळ केला, शाप दिले. जाळ विझला, कुंपण तीन हात वाढलं. मूल रडेनासं झालं.

मग दारी एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई, पलीकडं जायला वाट दे."

"आजीबाई, वाट असती तर नातवाला ऊन नसतं का मिळालं?"

"कुंपणाला खत काय घालतेस?"

"काही नाही."

"जावेला शिव्या घालतेस. त्याहून कसदार खत या नगरात मिळत नाही."

थोरली पायां पडली. म्हणाली, "मग काय करू?"

"वसा सांगते. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"फांदीला हात लाव. जावेची एक बरी गोष्ट बोल. खरी बोल. मग कोयता घाल. घरटं दिसलं, तर राहू दे."

थोरली कुंपणापाशी बसली. बसली ती बसलीच. दुपार कलली, काही आठवेना. मग म्हणाली, "तिच्या हातचं ताक बरं होतं." फांदी लोण्यासारखी तुटली. मग म्हणाली, "माझ्या बाळंतपणात ती उशाशी जागली." जाळी मोकळी झाली. मग म्हणाली, "या मेंदीची पहिली काडी तिनंच माहेराहून आणली. माझे हात रंगले, तिचे रंगले नाहीत, तरी हसली." बोलत गेली, तोडत गेली. तळहात लाल झाले. उजाडायला आलं. उगवतीच्या तोंडावर एक जाड खोड उरलं. थोरलीला आणखी आठवेना. खोटं बोलावं, तर वसा मोडतो.

मग पलीकडून आवाज आला, "काय जाऊबाई, संपले का माझे गुण?"

"अगं, तू कधीपासून ऐकतेस?"

"ताकापासून. तेव्हाच उठणार होते. म्हटलं, आणखी काय निघतं ते बघू."

"बाई गं, मूल हातचं जातंय."

मग धाकटी थट्टा विसरली. पलीकडून तिनं खोडाला हात लावला. म्हणाली, "जाऊबाई भांडल्या पुष्कळ. पण माझ्या पाठीमागं कधी बोलल्या नाहीत. शिव्यासुद्धा मला ऐकू येतील अशाच दिल्या."

कोयता पडला, खोड आडवं झालं. ऊन अंगणात आलं, ओटी चढलं, पाळण्यात शिरलं, मुलाच्या तळपायांवर बसलं. मूल रडलं. ते ऐकून दोघी जावा हसल्या.

कोपऱ्यात एका पाखराचं घरटं होतं, तेवढं झुडूप राहू दिलं. म्हातारी मोकळ्या वाटेनं पलीकडं गेली, कोणी पाहिली नाही. पाटा अंगणाच्या मधोमध आणून ठेवला. तो कोणी धुवायचा, हे अजून ठरायचं आहे.

जसं तिच्या पाळण्यात ऊन आलं, तसं तुमच्याआमच्या घरी येवो, आणि पलीकडं ताक करणारं कोणी असो. साठां फांद्यांची कहाणी पांचां फांद्यांत सरली, फळाला आली, पुरी झाली.