रुमालावरची चिठ्ठी

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक जुना दप्तरखाना होता. तिथे इंदुमती पेंढारकर नावाच्या बाई नोकरीला होत्या. त्या कामाला लागल्या तेव्हा सगळे कागद लाल खारव्याच्या कापडात बांधून ठेवलेले असत. अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणत. रुमालात कडुनिंबाचा वाळलेला पाला असे आणि वर एक चिठ्ठी.

चिठ्ठ्या लिहीत तिथले जुने कर्मचारी रखमाजीअण्णा. माणूस चौथी शिकलेला, पण कामाला पक्का. त्यांच्या चिठ्ठीत तीन गोष्टी ठरलेल्या असत: आत काय आहे, आत काय नाही, आणि जे नाही ते कुठे मिळेल. चिठ्ठी लिहून झाली की ते रस्त्यावरून जाणाऱ्याला आत बोलावत, कधी पोस्टमनला, कधी कल्हईवाल्याला. त्याला चिठ्ठ्या वाचून हवा तो रुमाल काढायला सांगत. तो चुकला तर त्याला हसत नसत, चिठ्ठी फाडून नवी लिहीत.

इंदुमतीबाईंना तेव्हा मोडी घडाघडा वाचता येई, त्यामुळे तोराही होताच. एकदा त्या म्हणाल्या, "अण्णा, आपल्याला ठाऊक आहे की सगळं. कशाला एवढी उठाठेव?"

अण्णा म्हणाले, "ठाऊक असणारा एक दिवस घरी जातो, बाई. चिठ्ठी इथंच राहते."

काय दिवस होते ते. पुढे अण्णा गेले, रुमालही गेले. कागद संगणकात शिरले आणि त्यांचे दोन डेटाबेस झाले, एक संस्थानी काळाचा, दुसरा संस्थान विलीन झाल्यानंतरचा. मग एक एआय एजंट आला. त्याला साध्या मराठीत विचारावं, त्यानं स्वतःच योग्य ते टूल, म्हणजे एकेका डेटाबेसात शोधायचं साधन, निवडावं, डेटाबेस पाहावा आणि उत्तर द्यावं. कुठलं टूल कशासाठी, याचं वर्णन वाचूनच तो निवड करी; ते वर्णन लिहायचं काम बाईंकडे आलं. एका टूलचं नाव 'नोंदी', दुसऱ्याचं 'जुन्या नोंदी'. बाईंनी दोन्हींखाली 'नोंदी शोधते' एवढंच लिहिलं. चहा निवायच्या आत काम उरकलं. निवृत्तीला दीड महिना राहिला होता.

एका मंगळवारी धनगरवाडीच्या ठकूबाई कोकरे आल्या. वाडीच्या झऱ्याला कुणी तरी तारेचं कुंपण घातलं होतं. गुरुवारी सुनावणी होती आणि झऱ्यावर वाडीचा हक्क असल्याचा जुना कागद हवा होता. बाईंनी एजंटला विचारलं. क्षणात उत्तर आलं, 'अशी नोंद आढळली नाही.'

बाईंनी तसं पत्र तयार केलं. सही तेवढी बाकी होती.

ठकूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं त्यो कागद हातात धरलाय, बाई. झरा गेला तर वाडी उठली म्हणून समजा."

बाईंचं पेन थबकलं. कुठे पाहिलंस, असं त्यांनी एजंटला विचारलं. त्यानं 'नोंदी' हे टूल वापरलं होतं, म्हणजे फक्त विलीनीकरणानंतरचं दप्तर. त्याचा काय दोष? दोन्ही वर्णनं सारखीच, त्यानं पहिलं उचललं. बाईंना मनापासून शरम वाटली.

कागद स्वतः शोधायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती. पण आपण निवृत्त झाल्यावर येणाऱ्या एखाद्या ठकूबाईला कोण शोधून देणार? त्यांनी दोन्ही वर्णनं पुसली आणि नव्यानं लिहिली. मग ठकूबाईंना वाचून दाखवून विचारलं, "मावशी, तुमचा कागद कशात असेल?" ठकूबाई गोंधळल्या. बाईंनी तेही पुसलं. दुसऱ्यांदा लिहून वाचून दाखवलं ते असं:

'जुन्या नोंदी: संस्थानी काळातलं दप्तर. झरे, विहिरी आणि चराईचे हक्क इथे आहेत. विलीनीकरणानंतरचं इथे काही नाही; ते "नोंदी" मध्ये पाहावं.'

'नोंदी: विलीनीकरणानंतरचं दप्तर. झऱ्यांचे जुने हक्क इथे नाहीत. ते "जुन्या नोंदी" मध्ये पाहावेत. दोन्हीकडे पाहिल्याशिवाय "नाही" म्हणू नये.'

"मग ह्यात न्हाई," ठकूबाई चटकन म्हणाल्या. "त्या जुन्यात बघा."

बाईंनी एजंटला पुन्हा तोच प्रश्न घातला. या वेळी उत्तर आलं, 'झऱ्यांचे जुने हक्क "जुन्या नोंदी" मध्ये पाहावेत असं लिहिलं आहे, म्हणून तिथे पाहिलं. धनगरवाडीच्या झऱ्याच्या हक्काची नोंद सापडली.'

बाईंचे डोळे भरून आले. कल्हईवाल्यानं अचूक रुमाल काढला की अण्णा नुसती मान डोलवत, ती मान त्यांना आठवली. 'नोंद नाही' असं लिहिलेलं पत्र त्यांनी फाडलं आणि नोंदीची नक्कल सही करून ठकूबाईंच्या हातात दिली. गुरुवारी सुनावणी झाली. शनिवारी कुंपण निघालं आणि मेंढरं झऱ्यावर गेली.

तात्पर्य: आपल्याला ठाऊक आहे ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही, मग तो माणूस असो की यंत्र. म्हणून काम सोपवताना काय आहे, काय नाही आणि नसेल तर कुठे पाहावं, हे नवख्यालाही कळेल असं लिहावं.