टिल्लूची लिंबाची गोळी

एक होता उंदीर. एवढुस्सा. त्याचं नाव टिल्लू.

टिल्लूला शेंगदाणा मुळीच चालत नसे. एक कण पोटात गेला, की नाक लाल लाल! आणि मग आक्-छी!

एकदा टिल्लूने माकडमामांच्या दुकानातून गोळ्यांचा पुडा आणला. पुडा म्हणाला, "माझ्यात फक्त लिंबू नि साखर!"

टिल्लूने गोळी तोंडात टाकली. नाक लाल लाल! आक्-छी! गोळी उडाली. डबक्यात पडली. डुबुक!

"ऊंऽऽ! माझी गोळी! ह्यात शेंगदाणा आहे!"

टिल्लू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मामा, मामा, गोळी बदलून द्या. सगळे पुडे परत घ्या."

"हॅ! पुडा बोलेल, मग मी देईन."

"पुड्या, पुड्या, खरं बोल. मामा गोळी देईनात."

"पोटावर छापलेलं तेच मी बोलतो. शिक्का छापेल, मग मी बोलेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिल्लू गेला अस्वलकाकांच्या गोळ्यांच्या कारखान्यात. शिक्का शाईत लोळत होता.

"शिक्क्या, शिक्क्या, शेंगदाणा छाप. पुडा बोलेना, मामा गोळी देईनात."

"मला झोप येतेय. अस्वलकाका सांगतील, मग मी छापीन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"काका, काका, त्याला सांगा. शिक्का छापेना, पुडा बोलेना, मामा गोळी देईनात."

"माझ्या गोळीत दाणा? छट्! कढई कबूल करेल, मग मी सांगेन."

थंडगार कढई कोपऱ्यात बसली होती.

"कढई, कढई, कबूल कर. काका सांगेनात, शिक्का छापेना, पुडा बोलेना, मामा गोळी देईनात!"

"मी? मी तर चकचकीत! बघ वाकून."

टिल्लू वाकला. नाक लाल. आणखी लाल. आ... आ... आऽऽक्-छी!

कढईच्या कडेचा दाणा उडाला. टप्प! थेट अस्वलकाकांच्या नाकावर!

"अगं बाई!" कढई लाजली. "सकाळी चिक्की केली. मग आंघोळ केलीच नाही. तशीच गोळ्या करायला बसले!"

मग काय! कढईने कबूल केलं. काकांनी सांगितलं. शिक्क्याने छापलं, ठप्प ठप्प! पुडा ओरडला, "माझ्यात शेंगदाणा आहे होऽऽ!" मामांनी सगळे पुडे परत घेतले.

कढईने आंघोळ केली. खसाखसा, खळाखळा. काकांनी नव्या गोळ्या केल्या.

मामांनी टिल्लूला दोन गोळ्या दिल्या. "ही डबक्यात पडलेल्या गोळीची. आणि ही तुझ्या शिंकेची!"

टिल्लूने गोळी चोखली. चुट् चुट्. सगळे त्याच्या नाकाकडे बघत राहिले.

नाक लाल? नाही! शिंक? नाही!

गोळी विरघळली, गोष्ट संपली.