गाडी आडवी पाड

“मग गाडीत कमी काय आहे, तेवढं तरी सांगा बाई.”

सारंग बांदलने पुन्हा विचारलं. रानवडे बाई गाडीभोवती फिरत होत्या.

बाई भोरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी धरणाकाठच्या आपल्या पडीक रानात मोटारसायकल शिकवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे यायचे ते सगळे गाडी चालवता येणारेच. खडीवर, चिखलात, वाहत्या पाण्यातून ती कशी काढायची, ते शिकायला यायचे. दर उन्हाळ्यात त्यातले मोजके जण निवडून बाई त्यांना हिमाचलात, स्पितीला नेत.

यंदा बाईंच्या गुडघ्याने नकार दिला होता. टोळी दुसऱ्या कुणाला तरी न्यायला लागणार होती.

सारंगला वाटत होतं, ती आपणच नेणार. आज आल्याआल्या त्याने बाईंना तसं विचारलंही होतं.

त्याची गाडीही तशीच होती. उंच, रुंद टाकीची, लांबच्या आणि वाईट रस्त्यांसाठी बनवलेली. इंजिनाभोवती स्टीलचा गार्ड. खाली जाड प्लेट. मुठींपुढे हँडगार्ड. दोन जादा दिवे. मागे ॲल्युमिनियमच्या पेट्या, दोन बाजूंना आणि एक वर. घरी असला की रविवारी तो चेन घासून पुसून तिला तेल द्यायचा. गाडी घेतल्यापासून तिच्यावर एक ओरखडा उमटू दिला नव्हता त्याने.

“कमी काही नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “निगा छान ठेवलीस.”

सारंग खूश झाला.

“हा गार्ड कशाला रे?”

“गाडी पडली तर इंजिनाला काही होऊ नये म्हणून.”

“आणि हा, मुठीपुढचा?”

“पडली तर क्लचची दांडी तुटू नये.”

“पक्कं बसलंय सगळं?”

“एकदम. बोल्ट मी स्वतः आवळलेत.”

“मग पाड.”

“काय?”

“गाडी. आडवी पाड इथं.”

सारंगला वाटलं, बाई गंमत करतायत. तो हसला. बाई हसल्या नाहीत. चिंचेखाली खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या.

“बाई, चांगली उभी आहे गाडी. उगाच का पाडायची?”

बाई गुडघा चोळतच होत्या.

“तुमच्या जुन्या गाड्या आहेत ना तिकडे, त्यांतली पाडतो. पाहिजे तेवढ्या वेळा पाडतो.”

“त्या पाडताना बघितलंय तुला.”

“मग?”

बाईंनी त्याच्या गाडीकडे बोट केलं.

“बाई, नव्यासारखी ठेवलीय हो तिला.”

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. परत घातला.

“गेल्या वर्षी स्पितीच्या वाटेवर, नाल्यात नेत्रा पडली. आठवतं?”

सारंगच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “आठवतं.”

“गाडी तिच्या पायावर होती. पाणी छातीपर्यंत येत होतं. तिच्या मागे कोण होतं?”

“मी.”

“काय केलंस?”

“गाडी थांबवली.”

“मग?”

“स्टँडवर लावली.”

“मग?”

सारंगने मान खाली घातली. “स्टँड रुतत होता बाई. वाळू होती तिथं. गाडी कलंडली असती. म्हणून… स्टँडखाली घालायला चपटा दगड शोधत होतो.”

“सापडला?”

“सापडला.”

“मग?”

“मग धावलो. पण तोवर तुम्ही पुढून मागे फिरून आला होतात. तिला बाहेर काढलं होतं.”

“हं.”

“मिनिटभराचाच प्रश्न होता, बाई.”

बाई धरणाच्या पाण्याकडे बघत राहिल्या.

सारंगला राग आला. नेत्राचा पाय बरा झाला होता, तिने स्वतः त्याला कधी बोल लावला नव्हता. वर्षभर बाईही हा विषय बोलल्या नव्हत्या. आणि आज, त्याने तोंड उघडून काही मागितलं, तेव्हा काढलं.

“मला न्यायचं नसेल तर तसं सांगा ना सरळ,” तो म्हणाला. हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली आणि फाटकातून बाहेर पडला.

बाई उठल्या नाहीत. इंजिनाचा आवाज चढावरून वळणापर्यंत गेला. तिथं थांबला.

वळणावर सारंगने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. तहान लागली होती त्याला. गाडीवरून न उतरताच त्याने बुटाने जमीन चाचपली, दोन खडे बाजूला सारले, माती दाबून बघितली आणि मग कुठे स्टँड लावला. उतरून पाण्याची बाटली तोंडाला लावली… आणि आपण आत्ता काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

त्याने खाली बघितलं. स्टँडच्या पायाजवळ दोन खडे नीट बाजूला ठेवलेले होते.

बराच वेळ तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. नेत्राची हाक त्याला आठवली. तिने त्याचं नाव घेऊन हाक मारली होती. ती त्याने तेव्हाही ऐकली होती. “आलो, आलो,” असं ओरडलाही होता, दगड उलटसुलट करून बघता बघता.

हे त्याने बाईंना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

तो परत आला तेव्हा बाई खुर्चीतच होत्या.

सारंगने गाडी रानाच्या मधोमध आणली. इंजिन बंद केलं. डाव्या बाजूला उतरून स्टँड न लावताच उभा राहिला. एक हात हँडलवर, दुसरा सीटमागच्या कांबीवर. दीर्घ श्वास घेतला आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी गाडी हळूहळू आपल्या अंगावर घेत, मागे सरकत, कलती करत गेला.

दंड थरथरायला लागले. तरी सोडवेना. शेवटी वीतभर अंतर राहिलं आणि वजन हातातून निसटलं.

खर्रकन आवाज झाला. गार्ड दगडावर घासला होता. काळ्या रंगावर पांढरी रेघ उमटली.

सारंग रेघेकडे बघत राहिला.

“उचल,” बाई म्हणाल्या.

उचलायची रीत त्याला ठाऊक होती. बाईंनीच शिकवली होती. सीटला पाठ लावायची, गुडघ्यांत वाकायचं, पायांच्या जोरावर मागे मागे सरकायचं. त्याने जोर लावला. चाक घरंगळलं, गाडी नुसती सरकली. त्याने चाकामागे धोंडा लावला, पुन्हा जोर केला. गाडी गुडघ्याइतकी उठली आणि परत बसली.

“बाई, जरा हात लावता?”

बाईंनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं.

सारंगला शरम वाटली. त्याने वरची पेटी उघडली आणि सामान मातीत काढून ठेवायला लागला.

“ते काय?” बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

“हवा भरायचा पंप.”

“आणि ते?”

“दुसरा पंप. पहिला बिघडला तर.”

“ते?”

“दोर… तो पण जादाचा आहे.”

तो थोडा घुटमळला. मग दोन्ही जादाच्या वस्तू उचलून त्याने चिंचेच्या बुंध्याशी नेऊन ठेवल्या. वरची पेटी काढली. उजवीकडची काढली. डावीकडची गाडीखाली अडकली होती, ती तशीच राहू दिली.

पुन्हा सीटला पाठ लावली. डोळे मिटले. मांड्यांत आग पेटली, पाय मातीत घसरले, पुन्हा रोवले गेले. गाडी उठत उठत आली आणि एका क्षणी तिचं वजन एकदम नाहीसं झालं.

ती उभी होती.

त्याने पायाने स्टँड ओढला आणि गाडी त्याच्यावर टेकवली. खडे बघितले नाहीत. हातापायांत जीव नव्हता, पण आतून त्याला हसू फुटत होतं. डावी पेटी चेपली होती. मुठीवरचा गार्ड खरचटला होता. क्लचची दांडी मात्र शाबूत होती. त्याने दाबून बघितली.

“बाई!” तो म्हणाला. “काही झालं नाही तिला.”

“नाहीच व्हायचं.”

त्याने घाम पुसला. बाईंसमोर येऊन मातीतच बसला. धाप जरा कमी झाल्यावर बोलला.

“बाई… तिने हाक मारली होती. नेत्राने. मी ऐकली होती.”

“मीसुद्धा ऐकली होती,” बाई म्हणाल्या. “तिच्या पुढे होते मी.”



मग बाईंनी बाजूचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. तो घटाघटा पाणी प्यायला.

“उचलली ना मी एकट्याने?” त्याने विचारलं.

“उचललीस.”

“मग टोळी नेऊ मी?”

बाई खुर्चीचे हात धरून सावकाश उठल्या. गाडीजवळ गेल्या. गार्डवरच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

“उचललीस चांगली,” त्या म्हणाल्या. “पाडायला फार वेळ घेतलास. पुन्हा पाड.”