घेवड्याची काठी

परसापरसांत आड होते, तेव्हाची ही गोष्ट. सारजाबाईंनी घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून एक फांदी तोडून रोवली.

वेल तिच्यावर चढत म्हणाला, "ए काठी, नीट उभी राहा."

"मी काठी नाही, जास्वंद आहे."

"ना पान, ना फूल, आणि म्हणे जास्वंद!"

वेलाचा भार पेलत फांदी जमिनीत मुळं सोडत राहिली.

उन्हाळ्यात वेल वाळला. सारजाबाई फांदी सरपणाला उपटू लागल्या, पण तिने माती काही सोडली नाही. बाईंनी नखाने साल खरवडली, तर आत हिरवीगार!

"अगं, तू तर जगलीस की!" म्हणत त्यांनी तांब्याभर पाणी घातलं.

पुढच्या वर्षी नव्या वेलासाठी बाईंनी शेजारी दुसरी काठी रोवली. लाल फुलांनी लवलेल्या जास्वंदीने तिला आधी विचारलं, "तू कोणतं झाड गं?"