उदाजीरावांची तीन हळकुंडं

"दिवेलागणीच्या आत सिद्ध करून दाखव, नाहीतर उमेदवारी विसर," कीर्तिपाल राजा येसू कासारणीला म्हणाला, आणि बाजूला बसलेले उदाजीराव मिशीतल्या मिशीत हसले.

भानगड अशी होती. सोनकवठे परगण्यातून राजाच्या सभेत एकच माणूस जायचा आणि यंदा त्या जागेसाठी दोघं उभे होते. एक उदाजीराव, तीन वर्षांत सभेच्या गादीला खड्डा पाडलेले. दुसरी येसू, घरोघर बायकांना बांगड्या भरणारी. परगण्याच्या शाळेचं छप्पर वादळात उडालं होतं, तेव्हापासून पोरं चिंचेखाली बसून शिकत आणि पाऊस आला की घरी पळत. येसूची लेक त्यातलीच. उन्हाळ्यात शिकलेली बाराखडी दर पावसाळ्यात वाहून जायची, आणि येसूचा जीव नुसता चडफडायचा.

छपराला खजिन्यातून पैसा द्यायचा की नाही, यावर सभेने तीन दसऱ्यांना तीनदा मत घेतलं. तिन्हीदा शाळा एका मताने हरली. उदाजीराव मात्र गावोगाव सांगत सुटले होते, की मी बापडा तिन्ही वेळा शाळेच्या बाजूने होतो, बाकीच्यांनी घात केला! येसूने भर बाजारात म्हटलं, हे साफ खोटं. झालं. रावांनी थेट राजाकडे फिर्याद गुदरली.

आता राजा म्हणजे हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. त्याने सांगितलं, आळ खोटा ठरला तर येसूचं नाव यादीतून जाईल, आणि शाळेची जागा उद्यापासून माझ्या घोड्यांच्या पागेला. वर अटी घातल्या. सभासदांपैकी कुणाला मताबद्दल विचारायचं नाही, उदाजीरावांनाही नाही. शपथा घ्यायच्या नाहीत. आणि मतं तर कुठेच लिहिलेली नव्हती!

कारण त्या राज्यात मत द्यायची रीतच निराळी. प्रत्येक सभासदाला एक हळकुंड आणि एक सुपारी मिळे, दोन्हींवर राजाच्या लाखेचा ठसा. पडद्याआड एक मडकं. 'हो' असेल तर त्यात हळकुंड टाकायचं, 'नाही' असेल तर सुपारी. उरेल ते राजाचा प्रसाद म्हणून घरी न्यायचं. मोजणी झाली की मडकं नदीत. गेल्या तीन वर्षांत मत घ्यायची वेळ आली ती फक्त या शाळेपायी.

येसूने डोकं खाजवलं. मग म्हणाली, "महाराज, मताबद्दल अवाक्षर काढत नाही. पण लग्नाबद्दल बोललं तर चालेल ना?"

राजाला गंमत वाटली. बोल म्हणाला. तेव्हा येसूने दोन घटका मागून घेतल्या, बांगड्यांची टोपली तिथेच ठेवली आणि तरातरा निघून गेली. परत आली ती उदाजीरावांच्या व्याह्यांना घेऊन. मल्हारजी त्यांचं नाव. मानपानाच्या बाबतीत भारी नाजूक माणूस. पानाला चुना कमी लागला तरी पंगतीतून उठणारे.

येसूने हात जोडले. म्हणाली, वैशाखात रावांच्या लेकीचं लग्न झालं, नवरीचा चुडा मीच भरला. पण आता बाजारात लोक वाटेल ते बोलतात. म्हणतात, नवरीला लावलेली हळद वाण्याकडची होती, तीही कीड लागलेली. मला बाई फार वाईट वाटलं, म्हणून कानावर घालते.

मल्हारजी ताठच झाले. ते म्हणाले, हळद राजाच्या प्रसादाची आहे असं सांगितलं, म्हणून मी मानाच्या दोन शालजोड्या सोडल्या! हे काय ऐकतोय मी?

उदाजीराव लालबुंद झाले. "कोण म्हणतो वाण्याची? माझ्या देवघरात जपून ठेवलेली तीन हळकुंडं होती! महाराजांचा ठसा असलेली! पाच सवाष्णींनी दळायच्या आधी डोळ्यांनी पाहिलीत."

"असतील," येसू हळूच म्हणाली. "पण दुसऱ्या कुणा सभासदाकडून मागून आणली असतील, असंही लोक..."

"मागून? हा उदाजी मागेल? तीन दसऱ्यांना तीन, माझ्या वाट्याची, माझ्या हाताने घरी आणलेली!"

मल्हारजींनी मान डोलावली. ठसा त्यांनीही पाहिला होता. त्यांचं समाधान झालं.

"माझंही झालं, महाराज," येसू म्हणाली. "रावांची तिन्ही हळकुंडं लेकीच्या अंगाला लागली. मग मडक्यात काय पडलं?"

सभेतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि तोंडावर उपरणं धरलं. उदाजीरावांनी व्याह्यांकडे पाहिलं, मग राजाकडे. हळद वाण्याची होती म्हणावं, तर समोर व्याही. राजाची होती म्हणावं, तर समोर राजा. इकडे आड, तिकडे विहीर!

आणि राजा हसायला लागला. असा हसला की मुकुट कानावर आला, तो सावरायलाही त्याला सुचेना. डोळे पुसत त्याने हुकूम दिला, की मृगाच्या आधी शाळेवर कौलं चढली पाहिजेत, आणि कौलांची पहिली गाडी उदाजीरावांनी स्वतः हाकत न्यावी. शाळा बुडवून आणलेल्या हळदीसाठी मी मान सोडणार नाही, म्हणत मल्हारजींनी तिथल्या तिथे दोन शालजोड्या मागितल्या, ते वेगळंच.

उदाजीरावांनी त्याच संध्याकाळी उमेदवारी मागे घेतली. येसूला राजाने सोन्याचं कडं दिलं आणि सभेची गादीही. नवी गादी घाला बरं का, त्या गादीला खड्डा आहे, असं तो कारभाऱ्याला म्हणाला. मग त्याने तिला विचारलं, "येसूबाई, उद्या शाळेला मास्तर वाढवायचा ठराव आला, तर मडक्यात काय टाकशील?"

"हळकुंड, महाराज," येसू टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "आणि सुपारी घरी नेईन. आमच्या सासूबाईंना पानाशिवाय झोप येत नाही."