पाखरबेटाची गोड विहीर

पाखरबेटाला शिडाची होडी लागली की पाहुण्यांना आधी घरी नेत नाहीत, विहिरीवर नेतात. उंडीच्या झाडाखालच्या या विहिरीचे पाणी मचूळ आहे. तरी प्रत्येकाने ओंजळभर प्यायचे आणि मोठ्याने ‘गोड आहे’ म्हणायचे, अशी रीत आहे. कोणी तोंड वाकडे केलेच, तर म्हातारे धाकू तांडेल त्याला कट्ट्यावर बसवून घेतात आणि कारण सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, आवडू नावाची मुलगी लग्न होऊन बेटावर आली. तिचे माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्याचे. इथे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या ती नवऱ्याला, बुधाजीला, म्हणाली, “देवाने तुमच्या गावाला माणसं गोड दिली, पाणी द्यायचं तेवढं विसरला.”

थट्टाच होती ती. पण बुधाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी भरती साधून त्याने शीड चढवले. झऱ्याचा माग काढणारा पाणाड्या घेऊन येईन, नाहीतर तोंड दाखवणार नाही, असा पण करून तो गेला.

पुढे किती पावसाळे गेले, कोणी मोजले नाहीत. दूर शीड दिसले की आवडू हातातले काम टाकून गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राही. होडी जवळ आली की कळे, शीड परके आहे. मग ती घागर भरून घरी येई. बाकीच्या बायका पाण्याला नावे ठेवत. तिने पुन्हा कधी ठेवली नाहीत.

एकदा दक्षिणेकडून एक गलबत आले. त्याच्या तांडेलाला बुधाजी एका बंदरात भेटला होता. चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर यायला एकही पाणाड्या तयार होत नव्हता. रिकाम्या हातांनी परत कसा जाऊ, असे तो म्हणत होता.

आवडूने विहिरीतून पोहरा ओढला, तांडेलासमोर घटाघटा पाणी प्यायले आणि त्याच्या ओंजळीत ओतले.

“त्यांना सांगा,” ती म्हणाली, “विहीर गोड झाली.”

तांडेलाने घोट घेतला. मग तिच्या तोंडाकडे पाहिले.

“गोड आहे, वहिनी,” तो म्हणाला. “सांगतो.”

पण गलबत त्या बंदरात पोचेपर्यंत बुधाजी पुढच्या बंदराला गेला होता, असे सांगतात. निरोप त्याच्यामागून निघाला. आवडू होती तोवर येणाऱ्या प्रत्येक होडीला तिने तो पुन्हा दिला. तिच्यामागे गाव देत राहिले.

आजही पाहुण्यांची होडी निघाली की ती ढकलायला माणसे पाण्यात उतरतात आणि बजावतात, पुढच्या बंदरात तेवढे सांगा. इतक्या काळाने कोणाला सांगायचे, असे एखादा शहाणा विचारतो. धाकू तांडेल होडीवरचा हात काढत नाहीत.

“निरोप अजून पोचलेला नाही,” ते म्हणतात. “पोचला असता तर तो आला नसता का?”