अस्वल, मीटर आणि चुकचुकणारी पाल

आईशपथ, गोष्ट खरी आहे. म्हणजे, सांगणारा तरी शुद्धीत होता.

फार पूर्वी एका अस्वलाने पहिल्यांदाच घरचा वीजमीटर स्वतः वाचला. शेवटचा लाल आकडा सोडायचा असतो, पण त्याने तोही धरला आणि युनिटं दहापट झाली.

मीटरवरची पाल ओरडली, "चूक! चूक!"

"पाल चुकचुकली की गोष्ट खरी असते, म्हणजे आकडा खरा!" म्हणत अस्वलाने बिलाला घाबरून फ्रीज बंद केला.

"अहो, आत श्रीखंड आहे! आणि ती चूक म्हणतेय," अस्वलीण म्हणाली.

"चूक म्हणायला ती काय मास्तरीण आहे?"

संध्याकाळी श्रीखंडाला फेस आला.

"आंबलं हो!"

"छे, ताजं आहे."

"चूक! चूक!" पाल कळवळून ओरडली.

"ऐकलंस? खरं!" म्हणत अस्वलाने पातेलं चाटूनपुसून साफ केलं आणि दोन दिवस परसाकडेच मुक्काम ठोकला.

असो. गोष्ट होईपर्यंत पंखा तुमच्यावरच होता. काढा वीस रुपये.